तिरिलचा आवाज

तिरिलच्या पोटातल्या नळीतून दूध कसं द्यायचं ते तुला दाखवून झालं, औषधांच्या वेळा फ्रिजवर चिकटवल्या आहेत, आणि रडायला लागली तर कडेवर घेऊन स्वयंपाकघरात फिरवायचं, हेही सांगितलं. राहिलं ते यंत्र. लिव, मघापासून तू त्याच्या रिकाम्या चार्जरकडे बघते आहेस. मुलीच्या गळ्यातली नळी वसंतातच काढली, मग कफ ओढायचं मशीन अजून दारामागे चार्जिंगला का लागतं? तुझ्या आधी आलेली बाई हे विचारायला लाजली, आणि उत्तर आपोआप कळल्यावर बॅग न भरताच पळाली. तिचे लोकरीचे मोजे अजून इथेच आहेत. तू आधीच ऐक आणि मग राहायचं की नाही ते ठरव. कॉफी घे. माझ्या नवऱ्याला, स्वेरेला, यायला वेळ आहे.

मागच्या डिसेंबरची गोष्ट. त्या दुपारी स्वेरे धक्क्यावर गेला होता. तिरिलच्या नळ्यांची खोकी बोटीने यायची. वारा इतका सुटला होता की बोट आलीच नाही आणि तो हात हलवत परत आला. दुपार म्हणते खरी, पण तू दक्षिणेकडची, तुला सवय नाही. डिसेंबरात इथल्या दुपारला काही अर्थ नसतो. सूर्य नोव्हेंबरात जातो तो जानेवारीपर्यंत उगवतच नाही. खिडकीत नाताळचा, आत दिवा असलेला कागदी तारा लावलेला होता, त्याच्या उजेडात अंगणातला बर्फ दिसायचा, आणि त्याच्या पलीकडे काळोख.

तिरिल तेव्हा चार वर्षांची होती. गळ्याला भोक, त्यात नळी, नळीतून श्वास. नळीच्या वर तिची श्वासनलिका जन्मापासून बंदच होती, त्यामुळे वारा कंठापर्यंत पोचायचाच नाही. म्हणजे आवाज नाही. ती रडायची तेव्हा तोंड वेडंवाकडं व्हायचं, गाल भिजायचे, आणि खोलीत फक्त नळीची सूं सूं. पाहणाऱ्याचा जीव तुटायचा. काही हवं असलं की ती जीभ टाळूला लावून टक् टक् करायची. ते तिला गुनवोरने शिकवलं होतं. गुनवोर टक् टक् करणार, तिरिल परत टक् टक् करणार, आणि दोघी हसणार, एक मोठ्याने आणि एक मुक्याने.

गुनवोर म्हणजे या खुर्चीवर तुम्हा दोघींच्या आधी बसणारी. माझ्या आईच्या वयाची, इथलीच, हाताला वाफलच्या, म्हणजे इथल्या गोड धिरड्यांच्या, पिठाचा वास. तिरिलला तिने दात यायच्या आधीपासून सांभाळलं होतं. त्याच आठवड्यात वाफल भाजता भाजता तिने मला मागच्या डोंगराची गोष्ट सांगितली होती. तो दगडांचा ढिगारा येताना दिसला असेल तुला, शेडच्या वरचा.

"उपासमारीच्या वर्षांत जे बाळ जगणार नाही असं वाटायचं, त्याला तिथे नेऊन ठेवायचे," ती म्हणाली. "नाव न ठेवता. मग ते मेल्यावरही रडतं. त्याला उतबुर्द म्हणतात. माझ्या आजीने ऐकलंय."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय, नाव द्यायचं. नावासाठीच रडत असतं ते. मिळालं की गप्प. फक्त गावात कुणाचं नसलेलं नाव द्यायचं, पोरी. जे देशील ते त्याचं होतं."

स्वेरे तिथेच बसून जाळ्याची गाठ सोडवत होता. "मग माझ्या थोरल्या काकाचं देऊन टाकू," तो म्हणाला. "तो मेल्यापासून ते नाव कुणालाच नकोय."

आम्ही खूप हसलो. तिरिलही हसली, तिच्या तऱ्हेने.

तर त्या दुपारी लाइट गेली. वाऱ्याने तार तुटली असणार. तारा विझला, हवा दमट ठेवणारं मशीन बंद पडलं, आणि सगळं घर एकदम मुकं झालं. तिरिलला सर्दी होती, कफ घट्ट झालेला. मी कपाळावरचा दिवा लावला आणि तिच्याजवळ बसले. तुला हे शिकवलं असेल, पण पुस्तकातून कळत नाही ते सांगते. अशा मुलाकडे डोळ्यांनी बघण्याआधी कानांनी बघायचं. नळी ओली वाजते की कोरडी, शिट्टी येते की खरखर, सगळं त्यात असतं. शेजारचं घर जळालं असतं तरी मी झोपून राहिले असते, पण त्या नळीत बुडबुडा अडकला की ताडकन उठून बसायचे.

आणि बाहेर कुणीतरी रडायला लागलं.

लहान मूल. चांगलं खणखणीत, घसा फाडून. आम्ही दोघंही जागचे हललो नाही, कारण आमच्या घरात रडण्याचा आवाज म्हणजे आमचं मूल नव्हे, ही चार वर्षांची सवय. थोड्या वेळाने स्वेरेने मान वर केली.

"मारित... गावात बाळ कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही," मी म्हटलं. "मांजर असेल."

"मांजर नाहीये हे."

आधी ते वर, ढिगाऱ्याकडे होतं. मग शेडपाशी आलं. मग भिंतीशी. लाकडी भिंत आमची, पलीकडे कुणी खाकरलं तरी ऐकू येतं. ते रडणं भिंतीला चिकटून वर चढत होतं आणि खिडकीच्या खाली येऊन थांबलं. ओल्या शेवाळाचा वास आला, एवढ्या थंडीत शेवाळाला वास येत नाही. मला भुताची भीती वाटली नाही, लिव. मला राग आला. कारण त्या कोलाहलात मला तिरिलची नळी ऐकू येत नव्हती. मी कान तिच्या गळ्याला लावला तरी सगळीकडे तेच रडणं. आणि तिचे ओठ बघून कळत होतं, आत काहीतरी अडकतंय.

"त्याला गप्प कर!" मी ओरडले. "मला काही ऐकू येत नाही!"

"कसं गप्प करू?"

"नाव दे! काय वाट्टेल ते दे!"

स्वेरेने दार उघडलं. वारा आत घुसला, भिंतीवरचा कोट खाली पडला. तो उंबऱ्यात उभा राहिला, तोंड काळोखाकडे करून. काकाचं नाव त्याच्या ओठांवर होतं, असं तो अजून शपथेवर सांगतो. नेमकं तेव्हाच मी कफ ओढायची बारीक नळी तिरिलच्या गळ्यात घातली आणि ती आत जाईना. पूर्ण बंद. गळ्यातली नळी बदलायला हवी होती, आणि त्याला दोघं लागतात.

"स्वेरे, ये! निळी पडतेय ती!"

त्याने बाहेर बघतच किंचाळून हाक मारली, "तिरिल!"

बापाच्या तोंडून दुसरं काय निघणार? त्याच्या जागी मी असते तर माझ्याही तोंडून तेच निघालं असतं. पण रडणं थांबलं. तोंडावर हात ठेवावा तसं.

तो धावत आला. त्याने तिचे खांदे धरले, मी जुनी नळी काढली, नवी बसवली, फीत बांधली. तिचं अंग हाताखाली सैल पडलेलं होतं, आणि मी म्हणत होते, श्वास घे, राणी, श्वास घे गं. मग छाती वर आली. ओठ गुलाबी झाले. तिने डोळे उघडले, कपाळावरच्या दिव्याकडे रोखून पाहिलं, आणि रडली.

मोठ्याने रडली. चांगलं खणखणीत, घसा फाडून.

नळी जागेवर होती. मी बोट लावून पाहिलं, हवा नळीतूनच येत होती. कंठापर्यंत वारा जायला वाटच नव्हती, आणि मूल टाहो फोडत होतं. तुला काय वाटतं, मी घाबरले असेन? मी आनंदाने वेडी झाले. चार वर्षं मी तिचा आवाज स्वप्नात ऐकत होते. मी तिला छातीशी धरून हुंदके देत बसले. स्वेरे मात्र दार लावायला गेला तो तिथेच बाहेर कान देऊन थांबला.

"मारित... ऐक ना," तो म्हणाला.

"दार लाव. तिला गारठा लागेल."

त्याने दार लावलं.

दोन दिवसांनी वारा पडला आणि गुनवोर आली. तिने कोट काढायच्या आधीच नेहमीसारखं पलंगाकडे वाकून टक् टक् केलं. तिरिल तिच्याकडे बघत राहिली. गुनवोरने परत केलं. तिरिल खदखदून हसली, आवाजात, पण जीभ हलवली नाही. गुनवोरने तिची पावलं हातात घेतली. ती पांघरुणाबाहेर होती, मासळीसारखी गार, आणि तिरिलला त्याचं काहीच नव्हतं.

"काय म्हणून हाक मारलीत तिला?" गुनवोरने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"कुणाला?"

तिने कोटाची बटणं परत लावली. धक्क्यावर भेटते अजून, बोलते, लोणचं पाठवते. घरात पाऊल टाकत नाही.

मी तिला खूप बोलले. इतकी वर्षं सांभाळलंस आणि मूल बरं झालं तर तुझं तोंड वाकडं! वसंतात शहरातल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं तर श्वासनलिका उघडलेली. मोठी होताना होतं असं कधी कधी, म्हणाले. नळी काढली. गळ्यावरचं भोक इतक्या लवकर भरलं की नर्सने दुसरीला बोलावून दाखवलं. आता ती बोलते. मला आई म्हणते. दिवसातून शंभरदा म्हणते. तू ते ऐकल्याविना चार वर्षं काढून बघ, म्हणजे त्या हाकेचं मोल कळेल... हे तुला नाही, गुनवोरला म्हणतेय. तू रडू नकोस.

या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला त्या दिवशी स्वेरे शेडमधून आला आणि बुटांसकट खुर्चीत बसला. वरच्या ढिगाऱ्यातून टक् टक् येतं, म्हणाला. दोनदा, मग थांबतं, मग दोनदा. मी म्हटलं, बर्फाच्या भाराने दगड वाजतात. त्याने मान डोलावली. मग दारामागचं मशीन उचललं, बारीक नळ्यांचं उरलेलं खोकं काखेत मारलं आणि वर चढून गेला. तेव्हापासून रोज जातो. वर काय करतो ते सांगत नाही आणि मी विचारत नाही. सुरुवातीला वाटलं, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला, बिचारा, काही दिवसांत निवळेल.

मी वर जात नाही. का, ते तुला एकटीला सांगते. गेले आणि तिथे काहीच नसलं, तर नवरा गेला हातचा. आणि गेले आणि ती दिसली, तर आत झोपलेलीचं काय करू? हिचे केस मी विंचरलेत. हिचा ताप मी उतरवलाय. हिला कुणीतरी एकदा नेऊन ठेवलं होतं, मी परत नेऊन ठेवू? आणि तिला... तिला तर मी जन्म दिला. रात्री हिला थोपटताना माझी जीभ आपोआप टाळूला लागते. मी दाताखाली धरून ठेवते.

ऐकलंस? आला तो. बूट आपटतोय. बघ, त्याच्या दाढीला बर्फ लागलाय, हातमोजे लाकडासारखे कडक झालेत. मशीन तो तुझ्या हातात देईल. तुझं काम एवढंच, मशीनच्या बाजूची, कफ साठतो ती बाटली काढायची, बेसिनमध्ये ओतायची, साबणाने धुवायची आणि पालथी घालायची. मीही आजवर तेच करत आले.

पण आधी धर ती. दोन्ही हातांत धर. बाहेर उणे चौदा आहे आणि वरून खाली यायला त्याला चांगलाच वेळ लागतो.

अजून कोमट आहे ना?