मागून वाचणारा

नवरा गेल्यावर त्याची अर्धी राहिलेली कुराणाची प्रत तिनं पूर्ण करायला घेतली. नक्कल करायला ती त्याच्याच शेजारी बसून शिकली होती. सगळं तिला तोंडपाठ होतं, आणि नवऱ्याच्या म्हाताऱ्या उस्तादांना नेमकी त्याचीच धास्ती.

"पाठ आहे म्हणून हात सैल सोडू नकोस, बेटी. आधी मूळ प्रतीत बघायचं, मग उच्चारायचं, मग लिहायचं. आठवण गोड बोलून फसवते."

उस्तादांची नजर गेली होती; कान मात्र शाबूत. दुपारी ती हात-तोंड-पाय धुऊन, वुजू करून, लिहिलेलं पान त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. खोलीत शाईचा वास असायचा, बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत असायचं. उच्चार चुकला की उस्ताद खाकरायचे.

त्या दुपारी ते खाकरले. "'ऐन' हे अक्षर घशाच्या मधून काढ."

तिनं तो शब्द पुन्हा वाचला.

"तुझा बरोबर आहे गं. तुझ्यामागून वाचतोय त्याला सांगतोय."

मागे नुसती भिंत होती. वय झालंय, म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी उस्ताद मधेच म्हणाले, "इथे थांबू नकोस रे, अर्थ मोडतो. दम लागला तर मागच्या शब्दापासून पुन्हा घे."

शेवटी शेवटी नवऱ्याला वाचताना असाच दम लागायचा.

"उस्ताद, ह्यांचा आवाज आहे का?"

उस्तादांनी नकारार्थी मान हलवली.

"त्याला मी शिकवलं होतं. तो अशा चुका करायचा नाही. याला तर जीभच आत्ता कुठे फुटतेय."

"मग मी नाही वाचत उद्यापासून."

"आणि हा अर्धवट राहिला तर? जाब मला द्यावा लागेल."

ती वाचत राहिली. नवऱ्याची प्रत तिला अपुरी ठेववेना. उस्ताद तिच्यापेक्षा त्यालाच जास्त सुधारू लागले. तिला काहीच ऐकू यायचं नाही. फक्त मानेमागची हवा दमट लागायची, कुणाच्या तोंडाजवळ असते तशी.

शेवटच्या पानावर तिचा आवाज अडकला. ओळ अर्धीच राहिली.

उस्ताद मात्र डुलत होते. ऐकत होते. पान वाचून व्हायला लागला असता तेवढा वेळ. एकदाही खाकरले नाहीत.

"माशाल्लाह," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. "एकही चूक नाही."

त्यांनी हात पुढे केला. तिच्याकडे नाही; तिच्या मागे, भिंतीपाशी. लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा तो हवेत टेकला. बोटं मायेनं फिरली.

"ऊठ आता."

हात वर जाऊ लागला. सावकाश.

उस्तादांना उभं राहावं लागलं.

हात ताठ झाला. ते चवड्यांवर आले. तळवा तरीही कशावर तरी टेकलेलाच होता.