बाबांचा वाडगा निवेना

बाबांचं लाडकं नूडल्सचं दुकान शारजात रोला बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला मोबाइल दुरुस्तीवाला. आत फॉर्मायकाची जुनी टेबलं, छताला लाल कागदी कंदील, गल्ल्याशेजारी फुलाफुलांचा थर्मास. काचेमागे मिस्टर हान कणकेची दोरी ताणून ओट्यावर आपटत असतात आणि मिसेस हान गिऱ्हाइकांशी हिंदीत बोलतात, कारण इतक्या वर्षांत त्यांचं गिऱ्हाईक आमच्यासारखंच. मी आणि माझा भाऊ नीरव शाळेत होतो तेव्हा बाबा दर शुक्रवारी आम्हाला इथे आणायचे. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. त्यामुळे आईने नीरवला भेटायला हीच जागा ठरवली तेव्हाच मला तिचा डाव कळला. मी घरातून निघाले तीच चिडून.

मी हमरिया फ्री झोनमधल्या एका फूड लॅबमध्ये काम करते. पर्समध्ये कायम सळईचा थर्मामीटर असतो. दृष्ट लागणं, अंगात येणं असल्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवते.

बाबांना जाऊन महिना होत आला होता. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांचा एकच प्रश्न असायचा, "नीरवचा फोन आला का?" अंग पुसायला मी, रात्री उठायला मी, इन्शुरन्सवाल्यांशी भांडायला मी, आणि चौकशी टोरांटोत बसलेल्या नीरवची. शेवटी शेवटी त्यांनी माझं मनगट धरून सांगितलं, "तो आला तर त्याला घरात घे, ईशू." मी मनगट सोडवून घेतलं.

अग्नी मीच दिला. दहावाही मीच केला, अजमानच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, गुरुजी ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर. पिंडाला कावळा शिवेना. डिश अँटेनांवर कावळ्यांची रांग लागली होती, पण एकही खाली उतरेना. "त्यांची काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "मनातल्या मनात शब्द द्या." इच्छा कोणती ते मला ठाऊक होतं. आईलाही होतं, ती माझ्याकडेच बघत होती.

"गुरुजी, दर्भाचा कावळा चालतो ना?" मी म्हटलं. "मग खलास. मला ड्यूटीवर जायचंय."

गवताचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि उरकलं.

त्यानंतर नीरवसाहेब आले. बॅग घेऊन दारात उभे. मी दार उघडलं नाही. घर माझ्या नावावर आहे, भाडं मी भरते. नीरव हॉटेलात गेला, आणि आईने माझ्याशी बोलणं सोडलं ते आज दुपारी या दुकानात बसल्यावर सुरू केलं.

"चार," ती सवयीने मिसेस हानना म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"रहने दो," मिसेस हान म्हणाल्या. "विलासजी का भी लाती हूँ."

चार वाडगे आले. बाबांचा त्यांच्या खुर्चीसमोर ठेवला, त्यांना लागायचा तसा. वर लसणाचं तिखट तेल, कोथिंबीर नाही.

नीरवने दाढी वाढवली होती. वाडग्यात बघत तो म्हणाला, "ईशू, आय हॅड द टिकेट. एअरपोर्टपर्यंत गेलो होतो मी."

"मग?"

"आय कुडन्ट बोर्ड. त्यांना तसं बघवलं नसतं मला."

"आणि मला बघवत होतं?"

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. बघू देत. मी सगळं काढलं. बाबांच्या पाठीला पडलेल्या जखमा, मी वापरून संपवलेली रजा, याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे हात जोडलेले इमोजी. तो ऐकत राहिला. आई रुमालाची घडी घालत होती, मोडत होती. कोणीही घास घेतला नाही. माझ्या वाडग्यात नूडल्स फुगून सूप पिऊन बसल्या, वर तेलाची साय धरली. तिघांच्या वाडग्यांचं तेच झालं.

बाबांच्या वाडग्यातून मात्र वाफ येत होती.

आधी मी लक्ष दिलं नाही. मग नीरवही तिकडेच बघतोय हे दिसलं. एसीचा झोत थेट आमच्या टेबलावर येत होता. कंदील त्या वाऱ्याने हलत होते. वाफ हलत नव्हती.

मी थर्मामीटर काढला. माझं सूप, एकतीस अंश. आईचं, एकतीस. बाबांचं, एकाहत्तर. सळई पुसली, पुन्हा घातली. एकाहत्तर. वाडग्याखाली हात घालून बघितलं, फॉर्मायका थंडगार. नूडल्स आत्ताच पाण्यातून काढल्यासारख्या, एकही फुगलेली नाही.

"इट्स द ऑइल," नीरव म्हणाला. "तेल वर असलं की हीट राहते, राइट?"

"इतका वेळ नाही राहत," मी म्हटलं. त्याला बरोबर ठरवण्यापेक्षा मला काहीही चाललं असतं.

मिसेस हान टेबल रिकामं करायला आल्या. आमचे तीन वाडगे त्यांनी उचलले. चौथ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"ये हम नहीं उठाएँगे," त्या हळूच म्हणाल्या. "ये आपका है."

काचेमागचं आपटणं थांबलं होतं. मिस्टर हान कणकेची दोरी दोन्ही हातांत धरून आमच्याकडे बघत उभे होते.

आई खुर्चीकडे वळली. "अहो, माझी काळजी करू नका. मी राहीन नीट."

वाफ तशीच.

"बाबा," नीरव म्हणाला, "माफ करा मला." मराठीत म्हणाला.

वाफ तशीच. पण आता ती वर जात नव्हती. टेबलावरून सरकत माझ्याकडे येत होती. माझ्या मनगटावर ओली ऊब बसली, त्यांनी धरलं होतं तिथेच.

मला भीती वाटली नाही. संताप आला. मेल्यावरसुद्धा याच्याचसाठी! माझ्यासाठी कधी काही अडलं होतं का तुमचं?

"ईशू," आई म्हणाली. "दे ना गं शब्द."

"बरं," मी दात आवळून म्हटलं. "येऊ दे त्याला घरी."

वाफ थांबली.

आमच्या डोळ्यांदेखत तेलावर साय धरली. नूडल्स फुगल्या, काठापर्यंत आल्या. मी सळई घातली. बावीस अंश, एसीवर लावलेले तेवढेच.

आई रडायला लागली. मिस्टर हान पुन्हा कणीक आपटू लागले. नीरवने माझा हात धरायचा प्रयत्न केला, मी पर्स उचलली. तो आईला घेऊन हॉटेलातून सामान आणायला गेला. मी टॅक्सी करून घरी आले.

घरी येऊन मी दाराला आतून कडी घातली.

शब्द गवताचाच होता. दिला, टेकवला, उरकलं.

चहा केला. कपात ओतला आणि खिडकीपाशी बसले. समोरच्या अँटेनांवर कावळे बसले होते, एकही ओरडत नव्हता.

थोड्या वेळाने बेल वाजली. मग किल्लीचा आवाज, मग कडी अडल्याचा. "ईशू, उघड गं," आई बाहेरून म्हणाली. "शब्द दिलायस तू." नीरवचा आवाज आला, "आई, लेट हर बी." या समजूतदारपणाची तर मला आणखीनच चीड आली.

मी उठले नाही. चहाचा घोट घेतला आणि ओठ पोळले.

केव्हाचा ओतलेला चहा. गार दूध घातलं, फुंकर मारली, बशीत ओतला. जीभ पोळली.

"हट्ट करायचाय?" मी मोठ्याने म्हटलं. "करा. मीही तुमचीच मुलगी आहे."

बेल वाजतच होती. चहा मोरीत ओतला. फ्रीज उघडून पाण्याची बाटली काढली, हाताला गार लागली, बाहेरून दव धरलेली. पेल्यात पाणी ओतलं.

पेल्यावर वाफ आली. सरळ वर न जाता ती ओट्यावरून माझ्या मनगटाकडे यायला लागली.

मी सळई घातली. एकाहत्तर.