लाल रेघेवरची डबी

“मॅडम, आजोबांचं प्रेशर पडलं! लवकर या!”

करुणा सिस्टरचा आवाज फोनवरही कापत होता. डॉ. नीरजा धावतच अतिदक्षता विभागात शिरली आणि वाटेतल्या पाण्याच्या जारला ठेचकाळली. नळ आठ-आठ दिवस कोरडे, म्हणून हात धुण्यापुरता एकेक जार प्रत्येक पलंगाखाली ठेवलेला असे. हा मात्र वाटेत होता. पण तिचं लक्ष मॉनिटरच्या पडद्याकडे होतं. रक्तदाबाचा वरचा आकडा ८८. सकाळी ११२ होता.

पलंगावर तिचे बाबा होते, व्यंकटराव. त्यांच्या कपाळावर हात ठेवायला तिला चांगलंच वाकावं लागलं.

त्यांची महाधमनी आतून चिरली होती. दाब चढला तर चीर फाटणार आणि सगळं संपणार. म्हणून दाब उतरवणारं औषध थेंबाथेंबानं चालू होतं. चिरेमुळं डाव्या हाताची नाडी मंदावलेली, तिथलं माप भरवशाचं नव्हतं. सगळी भिस्त उजव्या मनगटाच्या धमनीतल्या बारीक नळीवर. ती नळी पलंगाशेजारी जमिनीवर उभ्या स्टँडवरच्या पांढऱ्या डबीला जोडलेली होती आणि तिथून नाडीची लाट पडद्यावर उमटत होती.

“डबी खुणेवर आहे?”

“आहे, मॅडम. आधी तेच बघितलं.”

खूण म्हणजे स्टँडवरची नेलपॉलिशची लाल रेघ. डबी हृदयाच्या उंचीला असली तरच आकडा खरा. ही यंत्रं आणि दुष्काळात पाण्याचे टँकरही पुरवणाऱ्या हिमांशूनं, म्हणजे नीरजाच्याच नवऱ्यानं, रेघ बघायची सवय सगळ्यांना लावली होती.

“औषध बंद कर,” नीरजा म्हणाली.

हळूहळू आकडा ११६ वर आला. करुणानं सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात बाबा कण्हले.

“नीरू, पाठीत पुन्हा कळ येतेय गं.”

नीरजानं त्यांचा हात हातात घेतला. दाब हवा तेवढा, मग कळ कशाची? आकडा पडला तेव्हाही हात ऊबदार होते, लाट उंच आणि टोकदार होती. दाब पडलेल्या माणसाचे हात गार पडतात.

आणि उद्या पोलीस त्यांचा जबाब घ्यायला येणार होते. ऐन दुष्काळात शहराच्या जलवाहिनीला भोक पाडून टँकर भरले जात होते. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेल्या बाबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. कोण, ते त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं.

तिनं पाऱ्याचं जुनं यंत्र मागवलं. उजव्याच दंडाला पट्टा बांधून फुगवला. पडद्यावरची लाट आडवी झाली. मग तिनं हवा अगदी सावकाश सोडली. पहिली लाट वर उठली तेव्हा पारा १४० वर होता; खरा दाब तोच.

“करुणा, औषध चालू कर! आत्ताच्या आत्ता!”

“पण मॅडम, पडद्यावर तर—”

“पडदा खोटं बोलतोय.”

तिची नजर वाटेतल्या जारकडे गेली.

“मालनबाई, हा जार बाहेर कुणी काढला?”

फरशी पुसणाऱ्या मालनबाई घाबरल्या. “म्या नाय काढला, म्याडम. म्या ठिवाया गेले तर म्हनले, राहू दे भाईर, म्याडमनी सांगितलंय.”

“कोण म्हणालं?”

“जावईसायेब. दुपारी भेटाया आलते की.”

 नीरजानं उद्या जबाब घ्यायला येणाऱ्या फौजदार गवईंना फोन लावला.

हिमांशू संध्याकाळी डबा घेऊन आला. दाराशी गवईंना पाहून तो थबकला.

“बाबा कसे आहेत?”

“जिवंत आहेत,” नीरजा म्हणाली.  “डबीला तू हात लावला नाहीस. सगळे रेघ बघणार, हे तुला ठाऊक होतं. तूच शिकवलंस ना! तू पायथ्याचा दांडा फिरवून पलंगच फूटभर खाली घेतलास. डबी रेघेवरच राहिली, बाबांचं हृदय खाली गेलं. आकडा पडला आणि औषध मी बंद केलं. माझ्या बापाला तू माझ्याच हातानं मारणार होतास, हिमांशू.”

“वेड लागलंय तुला. पलंग काय, कुणीही हलवेल.”

“खाली जार असला की पलंग उतरत नाही. तो तू बाहेर काढलास आणि आत ठेवू दिला नाहीस, माझं नाव सांगून. मालनबाईंनी सांगितलंय. तुझे टँकर कुठं भरतात, हे मी कधी विचारलंच नाही.”

हिमांशूच्या हातातला डबा खाली पडला. गवईंनी त्याचा दंड धरला.

नीरजा आत आली. पलंग वर घेतला होता, जार जागेवर होता. आकडा उतरत ११४ वर आला होता. बाबांनी डोळे उघडले.

“हिमांशू आला का गं? त्याला सांग, घाबरू नकोस म्हणावं. उद्या मी त्याचं नाव घेणार नव्हतो. तुझा संसार आहे.”

नीरजाला हुंदका फुटला. तिनं बाबांचा ऊबदार हात घट्ट धरला.

“घ्या, बाबा,” ती म्हणाली. “सगळ्यांत आधी त्याचंच घ्या.”