राज्याबाहेरचा गव्हर्नर

कळंबच्या गाडीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि शिवम्माच्या कडेवर घागर होती. रिकामी, पितळेची, पोटाला एक पोचा आलेली.

"हिचं तिकीट पडंल," कंडक्टर म्हणाला. "सामान हाय ते."

"रिकामी हाय की!"

"येताना भरून आणशील. मला काय म्हाईत न्हाय व्हय?"

तेवढ्यात खिडकीजवळून दोन हात पुढं आले, घागर अलगद उचलली आणि आपल्या मांडीवर बसवली. हातांचा मालक एक काटकुळा पोरगा होता. चेहरा असा गंभीर, की जणू आत्ताच मयतीवरून आलाय.

"कंडक्टरसाहेब, मांडीवरच्या लेकराला तिकीट लागतं का?"

"लेकराला न्हाय लागत."

"मग झालं."

कंडक्टरनं घागरीकडं निरखून पाहिलं. "वय काय लेकराचं?"

पोरगा शिवम्माकडं वळला. "कवाचा जन्म हिचा?"

"पंचमीचा," शिवम्मा म्हणून गेली. पंचमीलाच तर मामानं आईला ती घेऊन दिली होती.

"पाच महिने. अजून दात न्हाईत आले." त्यानं पोच्यावरून बोट फिरवलं. "पाळण्यातून पडली वाटतं?"

"रडली तर खाली उतरवीन," कंडक्टर म्हणाला आणि पुढं सरकला.

शिवम्मा खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर करपलेल्या रानाशिवाय काहीच नव्हतं. तरी ते तिनं लई वेळ बघितलं. हसू दाबायला काहीतरी बघावंच लागतं ना…

पोरग्याचं नाव शांतलिंग. तिच्याच कॉलेजात, तिच्याच वर्गात, शेवटच्या बाकावर झोपणारा.

त्र्याहत्तरचा जानेवारी होता. खडकेवाडीची विहीर दसऱ्यालाच आटलेली. शिवम्माची आई हरणाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची, आणि तिथून सुटली की पाण्यासाठी दोन कोस चालायची. कॉलेजच्या हौदातून रोज एक घागर न्यायची परवानगी शिवम्माला मिळाली होती. घागर जाताना शांतलिंगच्या मांडीवर बसायची. येताना भरून दोघांच्या पायांमध्ये. खड्डा आला की पाणी डुचमळायचं, आणि दोघांचे हात एकदमच घागरीच्या तोंडावर जायचे. कधी त्याचा खाली, तिचा वर… कधी उलटं. वाईट रस्त्याबद्दल बांधकाम खात्याचे मनोमन आभार मानणारी जिल्ह्यातली ही पहिलीच दोन माणसं असावीत.

तशात कॉलेजात अमेरिकेची निवडणूक लागली.

झालं असं, की राज्यशास्त्राच्या महांतप्पा सरांकडं एकच इंग्रजी पुस्तक होतं, तेही पुठ्ठा गेलेलं. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात गव्हर्नर कसा निवडायचे, हे त्यात होतं. स्नेहसंमेलनाला सरांनी तीच निवडणूक घ्यायची ठरवली. गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर, खजिनदार, न्यायाधीश – सगळं एका दमात.

"पक्ष दोन," सर म्हणाले. "मतपत्रिका पक्षानंच काढायची. एकाची गुलाबी, एकाची पिवळी. मतदारानं ती नुसती पेटीत टाकायची. एखादं नाव पसंत नसेल, तर त्याच्यावर दुसऱ्या नावाची पट्टी चिकटवायची."

"सर, याला खाडाखोड म्हणत्यात," कुणीतरी म्हणालं.

"लोकशाही म्हणतात. बस खाली."

पण शिवम्माचे कान टवकारले ते पुढच्या वाक्याला. संमेलनाला तहसीलदारसाहेब पाहुणे येणार होते, आणि त्यांच्यासमोर निवडून आलेला गव्हर्नर पाच मिनिटं बोलणार होता. पाच मिनिटं! खडकेवाडीचे तीन अर्ज त्या कचेरीत पडून होते, आणि अर्जांना काही तोंड नसतं.

ती गुलाबी पक्षाकडं गेली. पक्षानं विचार केला. मग म्हणाला, "पोरगी गव्हर्नर कशी करावी? लेफ्टनंट घे." गव्हर्नरची जागा गुलाब नावाच्या पोराला मिळाली, नाव रंगाला जुळतं एवढ्यावर.

पिवळ्या पक्षाचा उमेदवार झाला शांतलिंग. सभेत तो हात खिडकीच्या गजावर टाकून झोपला होता. हात वर दिसला, टाळ्या पडल्या.

"निवडून आलात, तर पाच मिनिटांत काय बोलणार?" परतीच्या गाडीत तिनं विचारलं.

"आभार मानीन आन् खाली बसीन. साडेचार मिनिटं उरतील."

शिवम्मा हसली नाही. "त्या साडेचार मिनिटांत माझ्या गावाला टँकर मागता आला असता. आईच्या तळपायाला भेगा पडल्यात… तुमाला गंमत वाटती?"

पुढं खड्डे आले. घागरीवर एकच हात होता. तिचा.

दुसऱ्या दिवशी तो गाडीत मागच्या सीटवर बसला. तिसऱ्या दिवशीही. मांडीवर वही ठेवून काहीतरी लिहीत होता. शिवम्मा घागर स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही, नुसतंच विचारलं, "बापाशी भांडान झालं व्हय लेकराचं?" ती कानापर्यंत लाल झाली.

मतदान झालं. सरांनी पेटी टेबलावर उलटी केली, आणि पत्रिकांबरोबर कागदाच्या बारीक पट्ट्यांचा ढीग पडला. एकतीस. प्रत्येकीवर लिहिलेलं: गव्हर्नर – शिवम्मा.

"या कशावर चिकटवल्या होत्या?" सरांनी विचारलं.

पिवळ्या पत्रिकांवर शांतलिंगच्या नावापाशी ओलसर डाग होते. पण तिथं पट्टी एकीवरही टिकलेली नव्हती.

"सुटी पट्टी म्हणजे नुसता कागद," सर म्हणाले. "छापलेलं नाव धरायचं. गव्हर्नर, शांतलिंग. सात मतांनी."

पिवळे खजिनदार आणि न्यायाधीशही आले. फक्त एका जागेवर गुलाबी नाव निघालं. मुलींनी एकजात पिवळ्या पत्रिकेवरही त्या जागी तिच्या नावाची पट्टी टाचणीनं टोचली होती, आणि लेफ्टनंट गव्हर्नर झाली शिवम्मा.

तिनं एक पट्टी उचलली. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण लिहायची जागा ओळखीची होती. प्रत्येक खड्ड्याला उडालेलं अक्षर…

तो बाहेर हौदापाशी सापडला.

"खळ कशाची केलती?"

"मिलोची," तो मान खाली घालून म्हणाला. रेशनवर आलेली लाल अमेरिकन ज्वारी ती. त्या वर्षी घराघरांत तीच. "वाटलं, निवडणूक अमेरिकेची, पीठबी अमेरिकेचं… जमंल."

"मिलोची भाकरी थापताना एकजीव ऱ्हात न्हाय, आन् तुमी लोकशाही चिकटवाया निघालात!"

"एकतीस जणांच्या पाया पडलो," तो म्हणाला. "माझ्याच पक्षाच्या. मला पाडा म्हणून."

शिवम्मानं हातातली पट्टी नीट घडी करून वहीत ठेवली.

संमेलनाच्या दिवशी तहसीलदारसाहेब वेळेवर आले, ही त्या दिवसातली सगळ्यात अविश्वसनीय गोष्ट. गव्हर्नरचं नाव पुकारलं. शांतलिंग दुसऱ्याचा कोट घालून माईकपाशी उभा राहिला.

"सर, एक शंका. गव्हर्नर राज्याबाहेर गेला तर कारभार कोण बघतं?"

"लेफ्टनंट गव्हर्नर," सर म्हणाले.

"राज्य कुठंपर्यंत हाय?"

सरांनी पुस्तक आठवून पाहिलं. मग मांडवाकडं पाहिलं. "कनातीपर्यंत."

शांतलिंग मंचावरून उतरला, खुर्च्यांच्या मधून गंभीरपणे चालत गेला, कनात उचलली आणि राज्याबाहेर पडला.

मांडवात हशा झाला. शिवम्मा रिकामी घागर कडेवर घेऊन माईकपाशी आली. कनातीखाली दोन चपला दिसत होत्या, स्थिर, तिच्याकडं तोंड करून… त्या बघितल्या आणि तिला धीर आला.

"साहेब, मी रोज एसटीतून पाणी नेते," ती म्हणाली. "भरून निघते. गावात पोचेपर्यंत एवढी उरते." तिनं घागरीच्या गळ्याखाली बोट ठेवलं. "त्यात चार माणसं, एक शेळी. माझ्या गावात अशी साठ घरं हायत, आन् कॉलेजात येणारी मी एकटीच. बाकीच्या एकोणसाठांनी कुठल्या गाडीत बसावं?"

आता कुणी हसत नव्हतं. तहसीलदारांनी खिशातून डायरी काढली. गावाचं नाव विचारलं, लिहिलं, आणि म्हणाले, "सोमवारी टँकर येईल."

ती सरळ कनातीपाशी गेली. "गव्हर्नरसाहेब, आत या."

"कोण बोलावतंय?"

"…राज्य."

सोमवारी टँकर खरंच आला. हरणाबाईनं त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, ड्रायव्हरच्याही कपाळाला लावलं.

मंगळवारी शांतलिंग रोजच्या खिडकीपाशी बसला होता. मांडी रिकामी. टँकर आला म्हणजे घागर येणार नाही, हे त्याच्या लक्षात यायला चार दिवस लागले होते, आणि लक्षात आल्यापासून त्याला जेवण जात नव्हतं.

खडकेवाडीचा थांबा आला. शिवम्मा चढली. कडेवर घागर.

"टँकर… न्हाय आला?"

"आला की. रांजण भरलेत."

"मग ही?"

"हिला सवय लागलीया," शिवम्मा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या मांडीवर ऱ्हात न्हाय."

त्यानं घागर घेतली. बुडाशी बोटांना कागद लागला. उलटी करून पाहिली, तर त्याच्याच उडत्या अक्षरातली पट्टी: गव्हर्नर – शिवम्मा. आणि खाली दुसरी, तिच्या अक्षरातली: लेफ्टनंट – शांतलिंग.

त्यानं नखानं हळूच उचकटून पाहिली. निघाली नाही.

"बाभळीचा डिंक हाय," ती म्हणाली. "मिलो न्हाय."

"तिकीट?" कंडक्टर समोर उभा होता.

"मांडीवरचं लेकरू हाय," दोघं एकदमच म्हणाले.