दोघांत एकच काठी

"अगं आई, काठी घेतेय मी. नवरा नाही."

उत्तरा फोनवर हे जरा जोरातच बोलली. ओहायोतल्या डब्लिनमध्ये, शनिवारी सकाळी, मासेमारीच्या दुकानात मराठी कुणाला कळणार, या भरवशावर.

"मग एवढी पारखतेस कशाला?" नागपूरहून आईने विचारलं.

"टोक चपळ हवं, बुडखा भक्कम. वाकली पाहिजे, मोडता कामा नये. फार महागडी नको, आणि अगदी स्वस्तातलीही नको, ती ऐन वेळी दगा देते."

"अशी सापडली तर तिथेच नवराही बघून ठेव."

रॅकच्या पलीकडे कुणीतरी खुदकन हसलं.

उत्तराने घाईघाईने फोन ठेवला. रॉडच्या उभ्या रांगेतून दोन हसरे डोळे तिच्याकडे बघत होते.

"सॉरी," डोळ्यांचा मालक पुढे येत म्हणाला. "ऐकायचा नव्हता. पण आई फारच जोरात बोलते… तुझी."

"ऐकायचं नव्हतं," तिने सवयीने दुरुस्त केलं. "आणि तरी ऐकलंस."

"Guilty. वॉलाय पकडायला?"

वॉलाय. या एका माशाने तिचं वर्ष खाल्लं होतं. गेल्या मे महिन्यात ऑफिसची मंडळी लेक ईरीवर गेली होती. सगळ्यांना मासे मिळाले, उत्तराला नाही. परतताना नाववाला म्हणाला, तुझ्या गळालाही मासे चावले होते की, तुला कळलं नाही. सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकण्याचाच पगार घेणाऱ्या उत्तराला हे फार लागलं. चावले, आणि कळलं नाही? वॉलाय ओढत नाही. दारावर हलकेच टकटक करून निघून जातो. तिने ठरवलं होतं, या वसंतात ती टकटक आपल्याच बोटांनी ओळखायची. कुणी 'आता ओढ' म्हणून सांगायचं नाही.

"कुठला रॉड घेऊ ते कळत नाहीये," तिने कबूल केलं. "स्वस्त, मधला, महागडा, तिन्हींवर तेच लिहिलंय. मीडियम-लाइट, फास्ट."

"सोपी टेस्ट आहे. मूठ धर." त्याने स्वस्त रॉडचं टोक उचलून स्वतःच्या गळ्याला लावलं आणि बोलू लागला, "माझा नाव ओजस."

"माझं नाव. — काहीच जाणवलं नाही. ओला बांबू धरल्यासारखं."

आता मधल्या किमतीचा. शंभर-सव्वाशे डॉलरच्या आसपासचा. "मी न्यू जर्सीत born झालो. लोकांच्या हातांचा therapist आहे. ऑपरेशननंतर बोटं पुन्हा चालू करतो. मराठी बोलतो, पण जेंडर नेहमी चुकतो…"

उत्तरा दुरुस्त करायला विसरली. त्याचा आवाज मुठीतून तिच्या बोटांत उतरत होता, अक्षर न् अक्षर, थेट मनगटापर्यंत. तिने नजर रॉडच्या मुठीवर खिळवून ठेवली. वर बघणं धोक्याचं वाटलं.

मग महागडा. त्यातूनही आवाज आला, किंचित जास्त स्वच्छ.

"दुप्पट पैसे," ती म्हणाली, "पण दुप्पट ऐकू येत नाही."

"म्हणजे मधला."

"मधला."

दोघांचे हात एकाच वेळी त्या रॉडवर पडले. त्याचा जुना रॉड गाडीच्या दारात सापडून मोडला होता, आणि त्यालाही हाच हवा होता. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, या मॉडेलचा हा शेवटचा. नंबर देऊन ठेवा, माल आला की मेसेज करू. दोघांनी नंबर दिले. रॉड मात्र कुणीच सोडेना.

"निम्मे-निम्मे?" शेवटी ओजस म्हणाला. "एक आठवडा तुझा, एक आठवडा माझा. Joint custody."

"चालेल. अट एकच, गाडीच्या दारापासून लांब."

तेव्हापासून दर शुक्रवारी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये रॉडची देवाणघेवाण होऊ लागली. आधी दोन मिनिटांची. मग पाऊस होता म्हणून गाडीत बसून. मग कॉफी घेऊन… आणि मग कॉफी संपल्यावरही.

"पुढच्या शनिवारी एकत्र जाऊ," एका शुक्रवारी तो म्हणाला. "काळजी नको करू. मी तुला गळ घालीन."

उत्तराच्या नाकात कॉफी गेली. "काय घालशील?"

"गळ! Hook. दोऱ्याला बांधतात ना? बांधून देईन."

"गळ घालणं म्हणजे विनवणं, रे. मागे लागणं. प्लीज प्लीज करणं."

"ओह." त्याचे कान लाल झाले. मग जरा थांबून, समोरच्या काचेवरच्या पावसाकडे बघत तो म्हणाला, "…मग ते पण घालीन."

शनिवारी ती त्याच्यासोबत दोन तासांवरच्या मॉमी नदीवर गेली. एप्रिलमध्ये वॉलाय अंडी घालायला ईरी तळ्यातून त्या नदीत चढतात आणि अख्खं राज्य छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवून पाण्यात ओळीने उभं राहतं. दोन रॉड असते तर दोन जागा शोधाव्या लागल्या असत्या. रॉड एकच, म्हणून जागाही एक. एकाने गळ टाकायचा, दुसऱ्याने खांद्याला खांदा लावून बघायचं. त्याने तिची तर्जनी उचलून रॉडच्या अंगावर टेकवली.

"ऐकायचं इथून," तो म्हणाला. त्याचं बोट तिच्या बोटावर गरजेपेक्षा थोडं जास्तच रेंगाळलं.

मासा काही मिळाला नाही. परतीच्या वाटेवर दोघंही भलतेच खुशीत होते.

आणि पुढच्याच आठवड्यात, बुधवारी ऑफिसात, दुकानाचा मेसेज आला. तुमचा रॉड आला आहे.

उत्तराने फोन उलटा ठेवला. परत सुलटा केला. रॉड आला म्हणजे शुक्रवार संपले. तो शुक्रवारी येतो तो रॉडसाठी की आपल्यासाठी, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने मनाला बजावलं, असेल तर घ्यायचा, लपवाछपवी नाही, आणि दुकानात गेली.

"एकच आला होता," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "कालच गेला."

गाडीत बसून उत्तरा एकटीच हसत सुटली. कोण तो देवमाणूस, ज्याने तो विकत घेतला! मग तिने स्वतःला झापलं. ओजसला मात्र काहीच सांगितलं नाही.

एप्रिलचा शेवटचा शनिवार. वॉलाय आता तळ्याकडे परतू लागले होते. हंगामातली ही शेवटची खेप. नदीकाठी पोचल्यावर ती जाकीट ठेवायला ओजसच्या गाडीच्या डिकीशी गेली. कोपऱ्यात घोंगडीखालून एक टोक डोकावत होतं. तिने घोंगडी सरकवली. त्याच मॉडेलचा दुसरा रॉड, तेच हिरव्या दोऱ्याचे वेढे. मुठीवरचं प्लास्टिकही अजून न काढलेलं.

देवमाणूस हाच होता तर.

म्हणजे याने स्वतःची सोय करून ठेवलीय. आज सामाईक रॉड गोड शब्दांत तिच्या हवाली होणार, आणि रामराम.

"आज full day तू," मागून ओजस म्हणाला. "मी फक्त जाळी धरतो."

बघा. निरोपाचीच भाषा.

उत्तराने घोंगडी सारखी केली, डिकी लावली. आधी मासा. मग प्रश्न. दोन्ही आजच.

पाणी गार होतं, आभाळ राखाडी. दोऱ्याला बांधलेलं शिशाचं वजन तळाच्या दगडांवरून टक टक करत वाहत जाई, आणि तर्जनीला दगड न् दगड कळे. टाक, वाहू दे, गुंडाळ. पुन्हा टाक. हात भरून आले तरी ती हटली नाही. ओजस जाळी घेऊन शेजारी उभा होता.

टक… टक… आणि मग दगड नव्हता. काहीतरी मऊ. कुणी बोलता बोलता श्वास घ्यायला थांबावं, तसं.

तिने रॉड उचलला. तो कमानीसारखा वाकला.

"आता—"

"गप्प बस!"

तो बसला. रॉड वाकला, मोडला नाही. जाळीत आला तो सोनेरी-हिरवट वॉलाय, हातभर लांब, काचेच्या गोट्यांसारख्या डोळ्यांनी दोघांकडे रागाने बघणारा.

"ठेवायचा?"

"नाही, सोड," ती धापा टाकत म्हणाली. "मला फक्त कळायला हवं होतं. आता दुसरं. डिकीतला रॉड कधी घेतलास?"

मासा गेला. जाळीही त्याच्या हातातून जाता जाता राहिली.

"तू… बघितलास?"

"बघितला. तुझा तुला, माझा मला. हेच सांगायचं होतं ना आज?"

"No! नाही यार, उत्तरा." तो पाण्यात इतका गर्रकन वळला की पडलाच असता. "मला मेसेज आला. म्हटलं, तुला पण आला असेल. तू घेतलास तर… तुला शुक्रवारी यायची गरजच नाही. So, मी पळत जाऊन घेतला."

"वापरायला?"

"तू घेऊ नये म्हणून."

पलीकडे उभा असलेला दाढीवाला म्हातारा इंग्रजीत ओरडला, "मासे धरताय की गप्पा मारताय?"

उत्तराने दोरा गुंडाळून घेतला.

"मी दुसऱ्या दिवशी गेले होते," उत्तरा म्हणाली. "संपला म्हटल्यावर गाडीत बसून हसले. वेड्यासारखी."

"का?"

"अजून विचारतोस?" पण काम अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. पाण्यात पाय घट्ट रोवून ती म्हणाली, "मला तू आवडतोस, ओजस. गळ घालत नाहीये. सांगतेय."

तो लाल झाला. "माझा पण… माझी… थांब, मला हे बरोबर बोलायचंय."

"माझंही तसंच आहे," तिने हळूच सुचवलं.

"माझंही," तो एकेक अक्षर जपून ठेवत म्हणाला, "तसंच… आहे."

परतताना महामार्गावर त्याच दुकानाची दुसरी शाखा दिसली. उत्तराने गाडी थांबवायला लावली आणि डिकीतला नवा रॉड परत करायला आत नेला. काउंटरवरच्या मुलीने रॉड उलटासुलटा करून पाहिला, प्लास्टिकवर बोट फिरवलं.

"वापरलेलाही नाही. काही खराबी आहे का यात?"

"छे, उत्तम आहे," उत्तरा म्हणाली आणि तिने ओजसचा हात धरला. "पण आम्हाला एकच पुरतो."