समोरचं पान

कादंबरी आणि श्रेयस कोपनहेगनला जायला निघाले, तेव्हा त्यांचं जेवणाचं टेबल शुभदाकडे आलं. तसं काही ठरलेलं नव्हतं. तिकडचा फ्लॅट कंपनीने फर्निचरसकट दिलेला होता आणि मेपलचं ते जाडजूड टेबल परक्याला द्यायचं कादंबरीच्या जिवावर आलं होतं. "तुझ्याकडे राहू दे गं," ती म्हणाली, "म्हणजे माझ्याकडेच असल्यासारखं." शुभदाच्या नवऱ्याने, उन्मेषने, ट्रक भाड्याने आणला. पावसात भिजत तिघाचौघांनी ते कोक्विटलामच्या टाउनहाउसचा जिना चढवलं आणि शुभदाने हसत हसत आपलं जुनं टेबल गराजमध्ये हलवलं.

हसत हसत, पण ते वरवरचं.

दोघी बर्नबीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत होत्या. काम समुद्रातल्या पवनचक्क्यांचे पाये डिझाइन करण्याचं. लाटेचा भार कसा धरायचा हे कादंबरीला शिकवलं ते शुभदानेच. कोपनहेगनच्या ऑफिसात जागा निघाली तेव्हा कादंबरीने सगळ्यांना सांगून अप्लाय केलं. शुभदाने कोणालाही न सांगता. उन्मेषलासुद्धा नाही. कादंबरीचं प्रेझेंटेशन तिने शेजारी बसून नीट करून दिलं आणि मग घरी येऊन स्वतःचं केलं. निवड कादंबरीची झाली. ऑफिसात केक कापला तेव्हा टाळ्या पहिल्यांदा शुभदानेच वाजवल्या. हरल्याचं दुःख निदान कुणापाशी बोलता येतं. तिला तीही सोय नव्हती.

नोव्हेंबरातली गोष्ट. शुभदा घरून काम करत होती. बाहेर धुकं, बर्क माउंटन दिसतच नव्हता. नाश्ता उरकून तिने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि मनगट टेकवलं, तर लाकूड गरम लागलं.

तिने हात फिरवून पाहिला. खिडकीकडे पाठ करून बसायच्या जागेपुढे ताटाएवढं एक गोल गरम होतं, नुकतं कोणी भांडं उचललं असावं तसं. त्याच्या उजव्या हाताला दुसरं तसंच. बाकीचं टेबल थंडगार.

शुभदा इंजिनिअर बाई. ती खाली वाकून बघून आली. हीटरचं तोंड तिथे नव्हतं. ऊन तर त्या महिन्यात कोणाच्या नशिबात नसतं. खिडकीच्या फटी तपासायला उन्मेषने आणलेली टेम्परेचर गन तिने काढली आणि टेबलभर फिरवली. सगळीकडे एकच आकडा. गन बाजूला ठेवून तिने पुन्हा तळवा टेकवला आणि चटकन उचलला. तळवा लाल झाला होता.

असं रोज होऊ लागलं. शनिवारी तिने उन्मेषचा हात धरून त्या जागी ठेवला.

"गरम लागतंय?"

"लाकूड आहे ते. रूम जेवढी गरम, तेवढं ते."

"नीट बघ ना."

"शुभदा, काय बघू?" तो हसला आणि कॉफी करायला गेला.

खिडकीकडची ती खुर्ची म्हणजे कादंबरीची नेहमीची जागा. पोर्ट मूडीच्या तिच्या घरी जेवायला गेलं की ती खिडकीकडे पाठ करून बसायची आणि श्रेयस तिच्या उजव्या हाताला. इथे नाश्ता उरकतो, तेव्हा कोपनहेगनमध्ये रात्रीची जेवणं सुरू होतात. हा हिशेब शुभदाने मुद्दाम केला नाही, तो आपोआप झाला. त्या दिवशी तिने लॅपटॉप उचलून वर नेला. पण दुसऱ्या दिवशी ती त्याच वेळी समोरच्या खुर्चीवर येऊन बसली.

मग वास येऊ लागले. लोण्यात परतलेला कांदा, शेपू, विझवलेल्या मेणबत्तीचा धूर. कधी टेबलाच्या चारी बाजूंना गोलंच गोलं. त्या दिवशी पाहुणे असत. कोण असत ते दुसऱ्या दिवशी कादंबरीच्या फोटोंत दिसे. त्या जागेच्या व्हिडिओ इंटरव्ह्यूत शुभदाला "युअर प्रोफाइल इज व्हेरी स्ट्राँग" म्हणालेला डायरेक्टर एका फोटोत कादंबरीशेजारी हसत होता. फोटोतलं टेबल पांढरं होतं, पातळ पायांचं. या टेबलाशी त्याचा काही संबंध नव्हता.

शुभदाने ऑफिसच्या कॅलेंडरवर सकाळची ती वेळ ब्लॉक केली. त्या वेळात ती काहीच करत नसे. हाताची घडी टेबलावर ठेवून खिडकीकडच्या त्या गोलाकडे बघत राही, अगदी एकटक. ही जागा माझी होती, हे ताट माझं होतं. गोल हळूहळू निवत जाई, पण तिच्या छातीतली आग निवत नसे.

डिसेंबरात एका रविवारी कादंबरीचा व्हिडिओ कॉल आला. शुभदाने तिला ओळखलं ते आवाजावरून. गालफडं बसली होती, स्वेटर खांद्यावरून ओघळत होता.

"डाएट करतेस की काय?"

"नाही गं. जेवणच जात नाही. टेस्ट सगळ्या नॉर्मल आल्या." कादंबरी जरा थांबली. "हसशील तू. ताट पुढ्यात आलं ना, की समोर बसून कोणीतरी टक लावून बघतंय असं वाटतं. घास घशाखाली उतरत नाही."

"थकली असशील. नवीन देश, त्यात तिथला काळोख."

"श्रेयसही तेच म्हणतो."

फोन ठेवल्यावर शुभदाने टेबलाकडे पाहिलं. भीती तर वाटलीच. पण त्या रात्री तिला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली, आणि सकाळी ते आठवल्यावर तिला स्वतःचीच किळस आली.

तिने टेबलावर जाड चादर घातली आणि रोज ऑफिसला जायला सुरुवात केली. नाश्ताही तिकडेच. थोड्याच दिवसांत कादंबरीचा मेसेज आला. आता बरं वाटतंय, पोटभर जेवते आहे. शुभदाला मनापासून हायसं वाटलं.

जानेवारीत ऑफिसात बातमी आली, कादंबरीला प्रोजेक्ट लीड केलंय. अख्खी टीम तिच्या हाताखाली. शुभदाने अभिनंदनाचा मेसेज टाकला, त्यात दोन फुलंही टाकली.

दुसऱ्या दिवशी ती घरीच राहिली. चादर काढून तिने घडी केली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

यावेळी ती उठलीच नाही, गोल पार गार होईपर्यंत. रोजचंच झालं ते. पुढे पुढे तिला दिवसभर भूक लागेनाशी झाली. उन्मेष रागवायचा. "दुपारचं जेवण जसंच्या तसं? चल, डॉक्टरांकडे जाऊ."

"भूकच नाही रे."

वाळली मात्र ती नव्हती. उलट जीन्स घट्ट व्हायला लागल्या होत्या.

एका शुक्रवारी कादंबरीचा फोन आला. आवाज स्वच्छ होता, जेवणखाण ठीक चाललेल्या माणसाचा.

"मधे पुन्हा तसंच सुरू झालं होतं. ऑफिसात चक्कर येऊन पडले. शेवटी आईला सगळं सांगितलं. तिने फोनवरून मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायला लावली. उपयोग झाला नाही. मग म्हणाली, कोणाची तरी उपाशी नजर आहे. जात नसेल तर हाकलू नकोस, जेवायला घाल. समोरच्या खुर्चीपुढे एक पान वाढत जा."

शुभदाने विचारलं, "मग?"

"वाढते रोज. आणि मला जेवण जातं आता."

"बरं झालं."

"शुभदा," कादंबरी हळूच म्हणाली, "आवरायला जाते ना, तेव्हा ते पान रिकामं असतं गं."

"श्रेयस खात असेल."

"श्रेयस आठवडाभर बाहेरगावी आहे, उद्या येतोय." मग ती थोडी हसली. "मी विचारत नाही कोण आहे म्हणून. जे कोणी असेल त्याने खावं. काही कमी नाही आम्हाला."

काही कमी नाही आम्हाला. शुभदाच्या कानात ते वाक्य रात्रभर घुमत राहिलं.

शनिवारी सकाळी उन्मेष वर होता. ती येऊन बसली.

कादंबरीकडे आज पाहुणे होते. टेबलाच्या कडेने गोलं उमटत गेली, एकापाठोपाठ एक. शेपूचा वास दरवळला. मग तिच्या स्वतःच्या मनगटांखाली लाकूड तापलं. हल्ली ते रोज तापे, पण नजर समोर लागलेली असल्याने तिने तिकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

तिचं पान.

तिने बोटांनी त्याची कड चाचपली. बाकीची गोलं ताटाएवढी होती. तिचं बशीएवढं.

ती त्याकडे बघत राहिली. मग उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि खिडकीकडच्या खुर्चीवर बसली. कादंबरीच्या. त्या मोठ्या, गरम गोलावर तिने दोन्ही तळवे दाबून ठेवले.

गोल एकदम गार पडलं. नेहमीसारखं हळूहळू नाही, एकदम.

मागोमाग बाकीची सगळी गोलंही विझली, जणू सगळेच ताटावरून उठले होते.

वॉशरूममध्ये जाऊन ती आरशासमोर उभी राहिली. ओठ तेलकट दिसत होते. दाराबाहेर उन्मेषची पावलं आली.

"शुभदा, श्रेयसचा फोन येतोय तुझ्या मोबाइलवर. तिसऱ्यांदा. उचलू का?"

तिने जीभ दाढेवरून फिरवली. दाढेत काहीतरी अडकलं होतं. तिने नखाने ते ओढून काढलं आणि उजेडात धरलं. माशाचा बारीक, पांढरा काटा होता. शुभदाच्या घरात आजवर मासे कधी शिजले नव्हते.