पावणेदोनची मूळरेघ

जिल्हा क्रीडासंकुलाच्या तपासणी खोलीत डॉ. वृंदा सामंतांनी शर्वाणीच्या डोळ्यांवर मेंदूताळ्याचा चष्मा चढवला. मोसमातला हा दोनशे पंधरावा. त्यांना आता स्वप्नातही चष्मेच दिसत. तिथे निदान ते पुसावे लागत नसत.

तेरा वर्षांची शर्वाणी खो-खोच्या अंतिम सामन्यात खांबाशी सूर मारताना कपाळानेच खांबावर आदळली होती.

"बाई, आपला डाव आला का?" तिने विचारलं. चौथ्यांदा.

मेंदूताळ्याने तिच्या बुबुळांची हालचाल, तोल आणि प्रतिसादाचा वेग मोजला आणि हिरवा दिवा लावला.

"हिरवा!" प्रशिक्षक घाटगे सर दारातच ताटकळत होते. "पाठवा मग. मध्यंतराची सातच मिनिटं उरलीत."

"सर, तेच चार वेळा विचारतेय ती."

"मी तिला 'लवकर ऊठ' चौदा वेळा सांगतो, मला कोणी चष्मा लावतं का? नियम एकवीस वाचा, डॉक्टर. हिरव्याला अडवायचं नाही, लालला खेळवायचं नाही."

नियम तसाच होता. डॉक्टरचं मत थकल्यावर बदलतं, यंत्राचं बदलत नाही, असं त्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं होतं. हादरलेला मेंदू सावरण्याआधी त्याला दुसरा धक्का बसला, तर तो सुजून मूल जाऊही शकतं, हे मात्र प्रस्तावनेत नव्हतं.

कोपऱ्यात मेंदूताळ्याचा अभियंता तौफिक मुजावर एका चष्म्याची दांडी चिकटवत बसला होता. वृंदाबाई त्याच्याकडे वळल्या.

"तौफिक, हा ताळा नेमका कशाशी करतोस?"

"तिचा तिच्याशीच. प्रत्येक मुलाचा मेंदू वेगळा चालतो ना, म्हणून धडधाकट असताना त्याची मूळरेघ नोंदवून ठेवायची. धडकल्यावर पुन्हा मोजायचं. फरक पडला तर लाल, नाही पडला तर हिरवा."

"फरक कुठल्या दिशेने?"

"दिशा नाही बघत. डोकं आपटून मूल तरतरीत होईल, असं समितीला वाटलं नव्हतं."

"आणि मूळरेघा घेतल्या कधी?"

तौफिकने पडद्यावर बोट सरकवलं. "सगळ्यांच्या एकाच दिवशी. मोसमाच्या उद्घाटनाला. दुपारी पावणेदोन."

तो दिवस तिघांनाही आठवत होता. मुलं नऊपासून उन्हात रांगेत बसलेली. प्रमुख पाहुणे साडेअकराला आले आणि क्रीडासंस्कृतीवर सव्वादोन तास बोलले.

"पाणी होतं ना?" वृंदाबाईंनी विचारलं.

"होतं की," तौफिक म्हणाला. "व्यासपीठावर."

"म्हणजे भाषण संपल्यावर शर्वाणी जशी होती, तशीच ती आत्ता आहे."

"हुबेहूब," तौफिक म्हणाला. यंत्राच्या अचूकतेचा त्याला क्षणभर अभिमान वाटला, मग घाम फुटला.

लाल लागलेली मुलं दोन दिवसांत ठणठणीत होतात, असा क्रीडाखात्याने बाहेर फलक लावला होता. वृंदाबाईंना आता कळलं, ती मुळातच ठणठणीत होती. हादरलेली होती ती हिरवी. ती त्याच दिवशी पुन्हा मैदानात गेली होती.

"सर, तुमच्या उरलेल्या अकराजणींना आत बोलवा."

"त्यांना काय झालंय?"

"काहीच नाही. म्हणूनच."

अकराच्या अकरा लाल.

घाटगे सर गडबडले, पण कच्चे नव्हते. "मग समोरच्या संघालाही तपासा! आम्हीच का म्हणून?"

समोरच्या बाराही लाल. "मला काही होत नाहीये हो," म्हणत एकेक टवटवीत मुलगी रांगेने बाहेर बसली.

पंच देशिंगेबाईंनी नियम एकवीस दोनदा वाचला आणि तक्त्यावर लिहिलं: खेळण्यास पात्र, एक.

"एकटी खेळून ती खो कोणाला देणार?" घाटगे सरांनी विचारलं.

"तो प्रश्न नियमात नाही," देशिंगेबाई म्हणाल्या, आणि सामना रद्द करून विजेत्याची ढाल त्या एकमेव पात्र खेळाडूकडे पाठवून दिली.

पडदे ओढलेल्या खोलीत शर्वाणी आडवी पडली होती. तिच्या आईला फोन झाला होता, रुग्णवाहिका निघाली होती. ढाल उशाशी ठेवल्यावर तिने एक डोळा उघडला.

"बाई, आपला डाव आला का?"

"आला आणि संपला. जिंकलीस. पड आता."

मग वृंदाबाईंनी मोसमातल्या हिरव्या मुलांची यादी काढायला लावली. शर्वाणी सोडून एकसष्ट नावं. त्यांनी पहिला नंबर फिरवला. पलीकडे कुणाची तरी आई होती.

"अहो, त्या धडकेपासून पुस्तक पुढ्यात आलं की डोकं धरून बसतो. उजेड नको म्हणतो. नुसती नाटकं! कालच चांगला रागावले. तुमच्या यंत्रानं हिरवं दिलं होतं ना?"

"दिलं होतं. चूक आमची आहे. त्याला रागावू नका, आजच घेऊन या."

"नाटकं नव्हती का मग?" आई हळूच म्हणाली.

"नाही."

वृंदाबाईंनी फोन ठेवला, नावावर रेघ मारली. साठ उरली.